अ‍ॅनिमेशनच्या ऑनलाइन साधनांमुळे वर्गातले इंग्रजी खरोखर सुधारते का? ती कशी वापरावीत?

प्रश्न: शब्दवेल

नमस्कार. मी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. मुलांची घरची भाषा मराठी आहे आणि वर्गाबाहेर इंग्रजी कानावर पडण्याचे प्रसंग त्यांच्या वाट्याला कमीच येतात. म्हणून गेल्या दोन महिन्यांपासून आठवड्यातल्या पाच तासांपैकी दोन तास मी संगणक कक्षात घेते. ब्राउझरमध्ये चालणारी अ‍ॅनिमेशनची साधने आता बरीच सोपी झाली आहेत. पात्रे, पार्श्वभूमी आणि हालचाली तयार मिळतात, संवाद टाइप केला की यंत्राचा आवाज तो बोलून दाखवतो, आणि ज्याला चित्रकला अजिबात येत नाही अशा मुलालाही तासाभरात काहीतरी हलते-बोलते उभे करता येते. चार-चार मुलांचे गट करून मी त्यांना छोट्या गोष्टी तयार करायला देते.

मुलांचा उत्साह दांडगा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु मागच्या आठवड्यात मी एका गटाशेजारी शेवटपर्यंत बसून राहिले आणि घड्याळ लावून पाहिले. चाळीस मिनिटांपैकी सव्वीस मिनिटे पात्राचे केस, कपडे आणि चष्मा ठरवण्यात गेली, आठ मिनिटे पार्श्वभूमी निवडण्यात गेली, आणि उरलेल्या वेळात ‘हॅलो, हाउ आर यू?’ व ‘आय अ‍ॅम फाइन, थँक यू’ अशी दोन वाक्ये लिहून झाली. ही वाक्ये त्यांना चार वर्षांपूर्वीच येत होती. गटातली सगळी चर्चा अर्थातच मराठीत झाली.

दुसरा अनुभव तयार अ‍ॅनिमेटेड पाठांचा आहे. ते मी प्रोजेक्टरवर दाखवते. मुले मन लावून पाहतात, गोष्ट त्यांना तपशिलासह आठवते, पण त्यातले एखादे वाक्य पुन्हा उभे करायला सांगितले की वर्ग गप्प होतो. तेव्हा या दोन तासांचा खरा उपयोग इंग्रजीसाठी कसा करून घ्यावा, की हे दोन तास पुन्हा वाचन-लेखनाला द्यावेत, याबद्दल ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांचे अनुभव मला हवे आहेत.

उत्तर: जुनी_वही

शब्दवेल ताई, आपण घड्याळ लावून बसलात ही फार मोलाची गोष्ट केलीत, कारण दुखणे नेमके कुठे आहे ते त्या सव्वीस मिनिटांतच दिसते. साधन उघडले की ते मुलांना पहिला प्रश्न पात्राच्या रूपाचा विचारते, भाषेचा विचारत नाही. त्यामुळे जो क्रम साधनाचा असतो, तोच आपल्या तासाचा होऊन बसतो. मी हा क्रम उलटा केला आहे. माझ्या वर्गात संहिता कागदावर पूर्ण झाल्याशिवाय कोणताही गट संगणकाला हात लावत नाही, आणि पात्रे व पार्श्वभूमी मी आधीच ठरवून एक कच्ची फाइल सर्व गटांना देतो. दोन पात्रे, एक खोली, एक दार, एक टेबल. सगळ्यांना सारखेच साहित्य मिळाले की वेगळेपणा आणायला एकच जागा उरते, ती म्हणजे संवाद.

संहितेची लांबीही मी बांधून देतो. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस साधारणपणे मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो. आपल्या मुलांसाठी शंभर ते एकशेवीस हा वेग पुरे आहे. म्हणजे पाऊण मिनिटाच्या चित्रफितीला पंचाहत्तर ते नव्वद शब्द लागतात. हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण ‘हॅलो’ आणि ‘फाइन’ यांनी तो भरत नाही. मुलांना काहीतरी घडवावेच लागते: कोणीतरी काहीतरी हरवते, कोणीतरी खोटे बोलते, कोणीतरी उशिरा येते. शिवाय त्या आठवड्यात शिकवलेली एक रचना निदान चार वेळा यावी एवढी अट मी घालतो. कागदावर सहा चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत काड्यांची माणसे काढायची आणि खाली वाक्य लिहायचे. ही संहिता गटांनी एकमेकांत बदलून वाचायची, मग मी वाचायची, आणि त्यानंतरच संगणक. पहिला पूर्ण तास कागदावर जातो, आणि तो जाऊ द्यावा.

तयार पाठ पाहूनही वाक्य उभे राहत नाही, याचे मला नवल वाटत नाही. कॅनडातील भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांच्या अभ्यासावरून १९८५ साली हाच मुद्दा मांडला होता. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून त्या मुलांची समज उत्तम झाली होती, पण बोलणे आणि लिहिणे मागे राहिले होते. समजून घेताना माणूस संदर्भावरून अर्थ लावतो आणि व्याकरणाकडे न पाहताही त्याचे निभावते, पण स्वतः वाक्य तयार करताना मात्र प्रत्येक शब्दाचे रूप ठरवावेच लागते. चित्र जितके बोलके असेल तितके वाक्याकडे लक्ष न देता निभावणे सोपे होते, आणि तयार अ‍ॅनिमेशनची अडचण नेमकी हीच आहे.

यंत्राच्या आवाजाचा एक उपयोग मात्र मला अनपेक्षितपणे सापडला, तो सांगतो. एका मुलाने पाच वाक्ये पूर्णविरामाशिवाय सलग टाइप केली होती. पात्राने ती एका दमात, मध्ये कुठेही न थांबता म्हणून टाकली. मुलगा थबकला. त्याने पुन्हा ऐकले, शेजाऱ्याला ऐकवले, आणि मग काहीही न विचारता पहिल्या वाक्याच्या शेवटी एक टिंब दिले व पुन्हा कळ दाबली. पात्र थांबले. त्यानंतर त्याने उरलेली चारही टिंबे स्वतःच दिली आणि एका ठिकाणी स्वल्पविराम देऊन तिथे किती थांबते तेही पाहिले. वहीत लाल शाईने मी तीच टिंबे वर्षभर देत आलो होतो. ‘वॉक्ड’ ऐवजी ‘वॉक’ राहून गेले तरी असेच होते. कान चूक धरतो, आणि ती शिक्षकाने दाखवलेली नसल्यामुळे मुलाला ती दुरुस्त करण्यात कमीपणा वाटत नाही.

गटातली मराठी चर्चा मी थांबवत नाही. कोणता शब्द घ्यावा यावर मुले मराठीत वाद घालत असतील, तर तो वाद इंग्रजीविषयीच असतो.

उत्तर: कालपट्टी

जुनी_वही सरांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, पण अ‍ॅनिमेशनचा जो भाग मला सर्वात मोलाचा वाटतो तो त्यांच्या उत्तरात आलेला नाही. संहिता लिहून घेणे नाटुकल्यासाठीही करता येते. मग अ‍ॅनिमेशनच का? माझे उत्तर असे की या साधनांत पडद्याच्या खालच्या बाजूला जी काळाची पट्टी असते, तिच्याइतकी चांगली काळांची आकृती मी फळ्यावर कधीच काढू शकले नाही.

एक उदाहरण घेऊ. ‘शी वॉज रायटिंग व्हेन द बेल रँग.’ चालू भूतकाळ आणि साधा भूतकाळ एकाच वाक्यात का येतात, हे समजावताना माझी पूर्वी दमछाक होत असे. आता मी मुलांना हे वाक्य देऊन तेवढेच अ‍ॅनिमेशन करायला सांगते. मुलगी लिहीत आहे, ही क्रिया पट्टीवर शून्यापासून आठव्या सेकंदापर्यंत लांबवावी लागते. घंटेचा आवाज पाचव्या सेकंदावर एका टिकलीएवढी जागा घेतो. पट्टीकडे नुसते पाहिले तरी लांबडी क्रिया म्हणजे ‘वॉज रायटिंग’ आणि टिकली म्हणजे ‘रँग’ हे डोळ्यांना दिसते. मग मी विचारते, ‘शी रोट व्हेन द बेल रँग’ असे असेल तर पट्टी कशी दिसेल? एका गटाने लिहिण्याची क्रिया ओढून घंटेच्या नंतर नेली, म्हणजे घंटा वाजली आणि तिने लिहायला घेतले. अर्थातला तो फरक सांगायला मला एकही मराठी वाक्य वापरावे लागले नाही. पुढे ‘द बेल हॅड रंग व्हेन शी केम इन’ आणि ‘द बेल रँग व्हेन शी केम इन’ या दोन वाक्यांसाठी दोन वेगळ्या पट्ट्या करायला दिल्या, तेव्हा ‘हॅड’ कशासाठी असतो ते वर्गातल्या मागच्या बाकांपर्यंत पोहोचले.

पूर्ण वर्तमानकाळासाठी पट्टीपेक्षा रंगमंच, म्हणजे पडद्यावरचे दृश्य, अधिक उपयोगी पडतो. ‘शी ब्रोक द कप’ या वाक्यासाठी कप फुटण्याची क्रिया दाखवली की काम झाले. ‘शी हॅज ब्रोकन द कप’ यासाठी मी अट घालते की फुटण्याची क्रिया दाखवायचीच नाही. दृश्य सुरू होते तेव्हा तुकडे जमिनीवर पडलेले असले पाहिजेत आणि कोणीतरी आत येऊन ते पाहिले पाहिजेत. क्रिया संपली, पण तिची खूण अजून समोर आहे, हा त्या रचनेचा गाभा मुले तुकडे मांडतानाच शिकतात.

शब्दयोगी अव्ययांचेही तसेच आहे. आपल्या मुलांच्या चुका मराठीतून येतात, आणि त्या निष्काळजीपणाच्या नसतात. ‘चेंडू खोक्यात आहे’ आणि ‘चेंडू खोक्यात गेला’ या दोन्ही वाक्यांत आपल्याला ‘खोक्यात’ हे एकच रूप पुरते, इंग्रजीला मात्र ‘इन’ आणि ‘इंटू’ असे दोन शब्द लागतात. ‘टेबलावर पुस्तक आहे’, ‘टेबलावर दिवा लटकतो आहे’ आणि ‘मांजराने टेबलावर उडी मारली’ या तिन्ही ठिकाणी आपल्याकडे ‘वर’ येतो, तर इंग्रजीत ‘ऑन’, ‘अबव्ह’ आणि ‘ऑन्टू’. स्थिर चित्रात ‘इन’ आणि ‘इंटू’ यांतला फरक दाखवणे कठीण जाते, कारण तो फरक हालचालीचाच आहे. म्हणून मी एकच चेंडू आणि एकच खोके देते आणि मुलांना सहा वाक्यांसाठी सहा हालचाली करायला लावते. शेवटी आवाज काढून टाकून दुसऱ्या गटाने नुसते पाहून वाक्य लिहायचे असते. वाक्य जुळले नाही, तर चूक हालचालीत आहे की अव्ययात, यावर दोन गटांची जी बोलाचाली होते ती ऐकण्यासारखी असते.

उपपदांसाठीही ही युक्ती चालते, पण ती थोड्याच प्रमाणात. पात्र प्रथम पडद्यावर आले की ‘अ डॉग’, तेच पुन्हा आले की ‘द डॉग’, इथपर्यंत ठीक जाते. त्यापुढचे ‘द’चे व्याप अ‍ॅनिमेशनने सुटत नाहीत आणि ते सोडवण्याचा आग्रहही धरू नये.

उत्तर: संथवाचन

मी या साधनांच्या विरोधात नाही, पण दोन ठिकाणी सावध करावेसे वाटते.

हलते चित्र स्थिर चित्रापेक्षा अधिक शिकवते, असे आपण गृहीत धरून चालतो. बार्बरा ट्वर्स्की, ज्युली मॉरिसन आणि मिरेय बेत्राँकूर यांनी २००२ साली यावरील उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेतला होता. दोन्ही चित्रांतील माहिती खरोखर सारखी ठेवली, तर अ‍ॅनिमेशनचा वेगळा फायदा फारसा दिसत नाही, असे त्यांना आढळले. त्यांनी दिलेले कारण वर्गात रोज दिसते. हालचाल पुष्कळदा इतकी वेगवान आणि गुंतागुंतीची असते की ती नीट पाहून होण्याआधीच निघून जाते. पाहणाऱ्याला थांबवता, मागे नेता आणि पुन्हा पाहता आले तर ही अडचण कमी होते, असेही त्यांनी सुचवले आहे. प्रोजेक्टरवर सगळ्या वर्गाला एकदाच, न थांबता दाखवलेल्या पाठात मुलांच्या हाती यातले काहीच नसते. शब्दवेल ताईंच्या दुसऱ्या अनुभवाचा उलगडा मला इथे दिसतो. तयार पाठ दाखवायचाच असेल तर तीस-चाळीस सेकंदांवर थांबवावा, पुढे काय होईल ते इंग्रजीत विचारावे, आणि तोच तुकडा पुन्हा दाखवावा.

कालपट्टी ताईंनी सांगितलेला प्रयोग वेगळा आहे हे मान्य, कारण तिथे हालचाल हाच शिकवण्याचा विषय आहे आणि मुलेच ती घडवतात. परंतु नामांची ओळख, विशेषणे, वर्णन, पत्रलेखन यांसाठी हालचालीची गरज नाही. तिथे एक चांगले स्थिर चित्र आणि त्यावरचे दहा प्रश्न अधिक काम करतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट यंत्राच्या आवाजाची. विरामचिन्हांचा जो प्रसंग जुनी_वही सरांनी सांगितला तो मला मनापासून आवडला, पण शेवटच्या चित्रफितीत यंत्राचा आवाज ठेवू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ‘आय डिडन्ट टेक युवर पेन’ हे एकच वाक्य घ्या. जोर ‘आय’वर दिला तर घेणारा दुसराच कोणी आहे, ‘युवर’वर दिला तर पेन घेतले आहे पण ते दुसऱ्याचे, आणि ‘पेन’वर दिला तर घेतलेली वस्तूच वेगळी आहे. मराठीत हे काम आपण शब्दांचा क्रम बदलून किंवा ‘च’ लावून करतो, म्हणून आपल्या मुलांना इंग्रजीतला आघात ऐकूच येत नाही. संवाद नुसता टाइप केला तर यंत्राला बोलणाऱ्याचा हेतू ठाऊक नसतो, म्हणून ते आपल्या ठरावीक पद्धतीनेच जोर देते. मुलांनी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रण केले, तर हे एक वाक्य ते आठ-दहा वेळा म्हणतात, कारण पात्राच्या चेहऱ्यावरचा राग आणि आवाजातला राग जुळल्याशिवाय त्यांचेच समाधान होत नाही. उच्चाराचा एवढा सराव मी सांगून त्यांनी कधीच केला नसता.

आणि संगणक कक्ष मिळत नसेल, तर वहीच्या कोपऱ्यातही अ‍ॅनिमेशन होते. पाने भराभर उलटून चित्र हलवण्याच्या पुस्तकाचे पेटंट इंग्लंडमध्ये जॉन बार्न्स लिनेट यांनी १८६८ साली घेतले होते. सेकंदाला बारा चित्रे पुरतात, म्हणजे चोवीस पानांत दोन सेकंदांची क्रिया होते. ‘इंटू’ दाखवायला तेवढी पुष्कळ झाली.

शब्दवेल

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. काळाच्या पट्टीकडे मी आजवर नुसती तांत्रिक सोय म्हणून पाहत होते. दोन शंका उरतात. एक, पात्र बोलत असताना खाली तेच इंग्रजी शब्द लिहून दाखवावेत की नाही? वाचायला मिळाले तर मुले ऐकत नाहीत असे वाटते, आणि न मिळाले तर काहींना काहीच कळत नाही. दुसरी, आमच्याकडचे इंटरनेट भरवशाचे नाही. गेल्या महिन्यात एका गटाचे दोन तासांचे काम जतन होण्याआधीच गेले आणि त्यातली एक मुलगी अक्षरशः रडली. त्यावर काही उपाय आहे का?

उत्तर: जोडणी

मी शाळांतील संगणकांचे काम पाहतो, म्हणून फक्त दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो.

ऑनलाइन साधन हे भाड्याच्या घरासारखे समजावे. एके काळी वर्गात वापरली जाणारी बहुतेक अ‍ॅनिमेशने फ्लॅश या सॉफ्टवेअरवर चालत असत. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला असलेला आधार थांबवला आणि शिक्षकांनी वर्षानुवर्षे जमवलेले साहित्य ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. टाइप केलेला संवाद पात्रांकडून बोलून घेणारी एक्स्ट्रानॉर्मल नावाची सेवा शिक्षकांत लोकप्रिय होती, तीही २०१३ साली बंद पडली. म्हणून तयार झालेली प्रत्येक चित्रफीत त्याच दिवशी उतरवून घ्यावी आणि संहिता नेहमी कागदावर किंवा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वेगळी ठेवावी. संहिता हाती असली तर चित्रफीत पुन्हा उभी करायला अर्धाच वेळ लागतो.

इंटरनेट बेभरवशाचे असेल तर संगणकावर बसवून चालणारी साधने घ्यावीत. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ साली सर्वांसाठी खुले केलेले स्क्रॅच, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून पात्रे हलवण्याचे साधन, हे मोफत आहे आणि त्याची इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्तीही मिळते. त्यात मुलांना आपला आवाज मुद्रित करून पात्राला देता येतो. यंत्राकडून मजकूर वाचून घेण्याची सोय मात्र इंटरनेट असेल तरच चालते. लहान मुलांसाठी टॅबलेटवर चालणारे स्क्रॅच ज्युनिअर आहे. हाताने चित्रे काढायची असतील तर पेन्सिल-टू-डी हे मुक्त सॉफ्टवेअर हलके आहे आणि जुन्या संगणकांवरही चालते. पॉवटून, अ‍ॅनिमेकर, कॅन्व्हा यांसारख्या सेवा दिसायला अधिक आकर्षक आहेत, पण त्यांना इंटरनेट लागतेच, आणि मोफत खात्यात काय मिळते ते वेळोवेळी बदलत असल्यामुळे तास ठरवण्याआधी एकदा पाहून घेणे बरे.

मुलांच्या नावाने खाती उघडू नयेत. पुष्कळ सेवांच्या अटींत वापरणाऱ्याचे किमान वय तेरा दिलेले असते आणि आपली मुले नेमकी त्या सीमेवरची आहेत. शिक्षकाच्या एका खात्यावर किंवा शाळांसाठी असलेल्या खात्यावर काम करून घ्यावे. चित्रफितीत मुलांचा आवाज असेल तर ती पालकांची संमती घेतल्याशिवाय सार्वजनिक करू नये.

उत्तर: कालपट्टी

लिहिलेल्या शब्दांबद्दल मी आधी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे तत्त्व अगदी शब्दशः पाळत होते. चित्र, आवाज आणि तोच मजकूर ही तिन्ही एकदम दिली की डोळ्यांचे लक्ष चित्र आणि मजकूर यांत विभागते, म्हणून मजकूर टाळावा, असे ते तत्त्व सांगते. पण बोलल्या जाणाऱ्या भाषेचा एकेक शब्द वेगळा करणेच ज्यांना जड जाते, त्यांच्या बाबतीत गोष्ट एवढी सरळ नसते असे मला वर्गात दिसले. ‘वॉट डिड यू’ हे आमच्या मुलांच्या कानाला एकच शब्द वाटतो. म्हणून मी आता तीन वेळा दाखवते: पहिल्यांदा मजकुराशिवाय, दुसऱ्यांदा मजकुरासह, आणि तिसऱ्यांदा पुन्हा मजकुराशिवाय. चित्रफीत पाऊण मिनिटाची असली की एवढे सहज बसते. मराठी भाषांतर मात्र पडद्यावर कधीही देत नाही, कारण ते दिसताच इंग्रजीकडे कोणी पाहत नाही.

शब्दवेल

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण आपण सर्वांनी इतक्या आस्थेने उत्तरे दिलीत, तर पुढे काय झाले ते कळवणे माझे काम आहे.

पहिला तास कागदावर घेतला. मुले नाराज झाली आणि ‘संगणक कधी?’ हा प्रश्न दर पाच मिनिटांनी येत राहिला. मी ठाम राहिले. दोन पात्रे, एक खोली आणि एक दार असलेली कच्ची फाइल दिली, रचना चालू भूतकाळाची ठेवली आणि नव्वद शब्दांची अट घातली. दुसऱ्या तासाला घड्याळ लावून मी त्याच गटाशेजारी पुन्हा बसले. पात्राच्या रूपावर चार मिनिटे गेली, तीही टोपीच्या रंगावर. उरलेला वेळ एका वाक्याने घेतला. त्यांना लिहायचे होते की ती झोपलेली असताना मांजर आत आले. संहितेत ‘शी स्लेप्ट व्हेन द कॅट केम इन’ असे होते आणि माझ्या नजरेतून ते सुटले होते. पट्टीवर झोपेची क्रिया मांडताना त्यातल्या एका मुलीच्या लक्षात आले की असे मांडले तर मांजर आल्यावर ती झोपते. ‘मॅडम, हे उलटं होतंय,’ ती म्हणाली. मी काही बोलण्याआधीच शेजारच्या मुलाने ‘वॉज स्लीपिंग’ असे लिहून टाकले.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी गोंगाट फार झाला. एका खोलीत आठ गट एकाच वेळी बोलू लागले की कोणाचेच नीट मुद्रित होत नाही. आता मी गटांना आळीपाळीने व्हरांड्यात पाठवते, पण त्यात अर्धा तास जातो. सगळ्याच गटांचे चांगले झाले असेही नाही. दोन गटांनी नव्वद शब्द भरण्यासाठी पाठ्यपुस्तकातला उताराच उतरवून काढला.

एक गोष्ट अजून अडते. चित्रफितीतली वाक्ये मुलांना पक्की येतात, पण त्याच प्रसंगाबद्दल वेगळ्या शब्दांत बोलायला सांगितले की ती अडखळतात. पाठांतर झाले आहे, पण भाषा सुटी झालेली नाही, असे मला वाटते.

उत्तर: जुनी_वही

ताई, ‘हे उलटं होतंय’ हे वाचून मला इतका आनंद झाला की मी ते घरी वाचून दाखवले.

पाठांतराचा प्रश्न माझ्याकडेही होता. त्यासाठी मी चित्रफिती पूर्ण झाल्यावर पुढच्या आठवड्यात त्यांचा आवाज बंद करतो आणि गटांची अदलाबदल करतो. दुसऱ्या गटाची मूक चित्रफीत समोर चालू असताना दोघांनी उभे राहून तिला तिथल्या तिथे आवाज द्यायचा. मूळ संहिता त्यांनी वाचलेली नसते, त्यामुळे पाठ केलेले काही कामी येत नाही, आणि चित्र पुढे सरकत असल्यामुळे वाक्य मनात मराठीतून जुळवत बसायलाही फारसा वेळ मिळत नाही. पहिल्या फेरीत पुष्कळ जागा रिकाम्या जातात, त्या जाऊ द्याव्यात. तीच चित्रफीत लगेच दुसऱ्यांदा लावावी. मग मूळ गटाची संहिता ऐकवावी आणि कोणते वाक्य कोणाचे अधिक चांगले जमले ते मुलांनाच ठरवू द्यावे. व्हरांड्यातल्या ध्वनिमुद्रणाची गरजही या तासाला पडत नाही, कारण इथे काहीच मुद्रित करायचे नसते. पाठ्यपुस्तकातला उतारा उतरवणाऱ्या त्या दोन गटांच्या चित्रफिती या कामासाठी आधी घ्या. प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे शब्द शोधायला मुलांना थोडी उसंत मिळते.